पानावर नसलेली वाक्यं

२ सप्टेंबर

नवं सत्र सुरू. टपालाने दोन खोकी आली आणि मुलींच्या आधी मीच त्यांच्यावर तुटून पडले. जगाचा नकाशा, हाडांचा तक्ता, पक्ष्यांची चित्रं, एकोणीस गोष्टींची पुस्तकं. हाडांचा तक्ता उलगडून भिंतीला लावला आणि बघतच राहिले. एका तळपायात सव्वीस हाडं! दोन्ही मिळून बावन्न हाडांवर उभी राहून मी इतकी वर्षं भांडी घासतेय आणि मला पत्ता नाही. मुलींना म्हटलं, "ज्याने हे जोडलं त्याला आज सकाळची प्रार्थना जरा मन लावून करू या."

जेवणाचं टेबल दहा वाजता शाळा होतं आणि साडेबाराला पुन्हा टेबल. खाली ह्यांचं चष्म्याचं दुकान, वर आम्ही. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. धाकटी रोज तासभर खालच्या दुकानात ह्यांच्यापाशी बसून पाटी गिरवते, तेवढा वेळ मी आणि थोरली. जानेवारीत तिला शाळेतून काढलं, कारण तिच्या वर्गाच्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं, "हिला वाचन येत नाही आणि येईलसं वाटतही नाही." घरी आणली आणि तिसऱ्या आठवड्यात पोरगी घडाघडा वाचायला लागली. त्या बाई रस्त्यात भेटल्या तर काय बोलायचं हे माझं पाठ आहे.

थोरली सगळी पुस्तकं हातात घेऊन, चित्रं बघून, शेवटी विचारते कशी, "आई, हे तू मला कधी वाचून दाखवणार?" वाचनाची केवढी ही ओढ.

५ सप्टेंबर

आमच्या प्रार्थनागृहाच्या पाळकबाईंनी माझी पद्धत लिहून मागितली आहे, म्हणून इथे आधी कच्ची लिहिते. पहिल्या दिवशी मी प्रकरण मोठ्याने वाचते, मुलींनी नुसतं ऐकायचं. मग त्यांनी ते आपल्या शब्दांत सांगायचं. दुसऱ्या दिवशी थोरली तेच प्रकरण पुस्तकातून स्वतः वाचते. आधी कान, मग जीभ, मग डोळे. ती वाचते तेव्हा मी इस्त्री करते किंवा भाजी चिरते. मान वर करायचीही गरज पडत नाही. अडखळणं नाही, बोट ठेवणं नाही. आवाजही अगदी माझ्यासारखा चढवते-उतरवते. बायबलमधला शास्त्रभाग पाठ करण्यात तर तिचा हात कोणी धरणार नाही; रविवारी मंडळीतली मोठी माणसं तिच्यापुढे चाचपडतात.

११ सप्टेंबर

ह्यांनी दुकानातून जुना सूक्ष्मदर्शक वर आणला. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून थोरलीला बघायला लावलं. ती इतका वेळ हलली नाही की मला वाटलं डोळा चिकटला. मग म्हणाली, "आई, विटा आहेत. कोणीतरी आतून भिंत बांधलीय." मी पाहिलं. खरंच विटा, एकीला लागून एक, आणि प्रत्येक विटेत एक ठिपका. रोज दोन कांदे चिरते मी. डोळ्यांतून पाणी काढण्यापलीकडे कांद्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

थोरलीने चित्र सुरेख काढलं. नावं मात्र धाकटीकडून लिहून घेतली, म्हणते, "माझं अक्षर घाण येतं." आळशी कुठली.

१९ सप्टेंबर

थोरलीचं पोट पुन्हा दुखलं. गेल्या महिन्यात दोनदा झालं. आज नवीन पुस्तक काढून म्हटलं, आज जरा गंमत, तूच पहिल्यांदा वाच, मी ऐकते. तर पोट धरून बसली. ओवा दिला, झोपवलं, उशाशी बसून तेच पुस्तक मीच वाचून दाखवलं. तिसऱ्या पानापर्यंत पोट दुखायचं थांबलं. आईचा आवाज म्हणजे औषधच म्हणायचं.

तरी मनात पाल चुकचुकली म्हणून ह्यांना म्हटलं, तिचे डोळे तपासा. खाली तक्त्यासमोर उभं केलं. सगळ्यात वरच्या अक्षरापासून अगदी खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत न चुकता. हे हसायला लागले. "अगं, दिवसभर गिऱ्हाइकं इथे हेच म्हणत असतात, वर ऐकू जातं. ही तर डोळे मिटूनही वाचेल." डोळे उत्तम आहेत. जीव भांड्यात पडला.

२९ सप्टेंबर

प्रार्थनागृहाच्या सभागृहात आज माझी वाचनयादी लागली. पन्नास पुस्तकं, प्रत्येकापुढे वय, विषय आणि मुलांना त्यातून काय मिळेल ते. वर पाळकबाईंनी लाल अक्षरात लिहिलंय, 'यांच्या थोरलीने यातली सत्तावीस वाचली आहेत.' चार बायकांनी फोटो काढले. एक जण म्हणाली, "आमचा अकराचा झाला तरी पुस्तकाला हात लावत नाही. तुम्ही काय खायला घालता हिला?" मी विनयाने हसले. आतून कॉलर ताठ.

सत्तावीस अख्खी जगं माझ्या टेबलावरून गेली! लिहिताना अंगावर काटा येतो.

पाळकबाईंनी सत्तावीस ऑक्टोबरला बोलायलाही सांगितलंय, उपासनेनंतर, फक्त आयांसाठी.

९ ऑक्टोबर

शिक्षण कार्यालयाचं पत्र. सहा नोव्हेंबरला तपासनीस बाई घरी येणार. घरी शिकवायची परवानगी पुढे द्यायची की मुलीला शाळेत परत पाठवायचं ते त्या दिवशी ठरेल. सोबत फॉर्म. त्यात एक रकाना आहे : 'मिनिटाला किती शब्द वाचते.' हा रकाना बघून मला हसूच आलं. भरायला जागा पुरायची नाही.

सध्या दीपगृहाचं पुस्तक चालू आहे. आमची प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातली, वाचायला घेण्याआधीच शिवण उसवून पानं सुटी झाली, म्हणून ह्यांनी ती बाइंडरकडे दिली. खंड नको म्हणून मी वाचनालयातून दुसरी प्रत आणलीय. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, बाप वादळात पलीकडच्या किनाऱ्यावर अडकलेला, आणि दिवा तिला एकटीला पेटवायचाय. मी वाचते तेव्हा थोरली श्वास घ्यायची विसरते.

२२ ऑक्टोबर

नीट, क्रमाने लिहिते.

काल वाचनालयाच्या प्रतीतून वादळाचं प्रकरण वाचून दाखवलं आणि मुदत संपली म्हणून संध्याकाळी ती परत केली. आज सकाळी आमची प्रत बाइंडरकडून आली. धाकटी खाली दुकानात. ठरल्याप्रमाणे थोरली वाचायला बसली. फॉर्मसाठी शब्द मोजायचे, म्हणून आज पहिल्यांदाच मी इस्त्री बाजूला ठेवून, घड्याळ आणि पेन्सिल घेऊन तिच्या शेजारी बसले.

तिने सुरुवात केली. मी पानावर पेन्सिल धरली आणि दुसऱ्याच ओळीला हरवले. ती म्हणत होती, "वाऱ्याने तीनदा दार ठोठावलं आणि तिन्ही वेळा तिला वाटलं, बाबाच आले." हे वाक्य पानावर नव्हतं. मला वाटलं दोन पानं चिकटलीत. मग पहिलं पान पाहिलं. आमची प्रत लहान मुलांसाठी छोटी केलेली आहे. अख्खं वादळ एका पानात उरकलंय, जेमतेम नव्वद शब्द. आणि थोरली वाचतच होती. डोळे पानावर, ओळींवरून डावीकडून उजवीकडे फिरताहेत, आणि तोंडातून दुसऱ्याच पुस्तकाची वाक्यं. चार मिनिटं. पाच. एका जागी ती उगाच थांबली. तिथे काल मी चहाचा घोट घेतला होता. एका जागी म्हणाली, "दिवा... नाही, दिव्याची वात." ती चूक माझी होती. काल मीच चुकले होते आणि मग सुधारलं होतं.

अकरा मिनिटं. मग अंदाजाने पान उलटलं.

'छान' म्हणाले. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

२३ ऑक्टोबर

मांडीवर बसवलं तिला, नऊ वर्षांची घोडी, आणि म्हटलं, "या पानावर 'दिवा' कुठे आहे, दाखव." खूप वेळ बघितलं. मग एका शब्दावर बोट ठेवलं. तो 'पाणी' होता. पुन्हा ठेवलं. तो 'आणि' होता.

"थोरले, तुला वाचता येत नाही?"

"नाही."

"मग सत्तावीस पुस्तकं?"

"तू वाचलीस ना. मी ठेवून घेतली."

"सगळी?"

"हो. कुठलं हवंय?"

मी थट्टा म्हणून फेब्रुवारीतल्या पहिल्या पुस्तकाचं नाव घेतलं. तिने डोळे मिटले आणि सुरू झाली. वाक्यामागून वाक्य, माझ्याच आवाजात, माझ्या सर्दीसकट. फेब्रुवारीत मला सर्दी होती. मी ऐकत होते आणि माझ्या हातावरचे केस उभे राहिले. सत्तावीस पुस्तकं, पानं पुसली न जाता, माझ्या पोरीच्या या एवढ्याशा कपाळामागे. हाडांचा तक्ता बघून तोंडात बोट घालणारी मी, आणि हे माझ्यासमोर नऊ महिने इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसलं होतं. प्रभू, हे तू काय बनवलंस? आणि कोणत्या भरवशावर माझ्या हाती दिलंस?

अक्षरं कशी दिसतात विचारलं. म्हणाली, "सगळी पाठमोरी उभी असल्यासारखी. कोणाचंच तोंड दिसत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी तू इतकी रडलीस ना आनंदाने. बाबांना खालून ओरडून बोलावलंस."

ह्यांना सांगितलं. काचा पुसता पुसता थांबले. तक्त्यावरची अक्षरं काढून पक्षी, मासा, घर अशी चित्रं लावून तिचे डोळे पुन्हा तपासले. डोळे खरंच उत्तम आहेत. म्हणजे गोष्ट डोळ्यांची नाही.

२७ ऑक्टोबर

बोलले. सगळं बोलले. आधी कान, मग जीभ, मग डोळे. चाळीस बायका होत्या. थांबवता आलं असतं, आजारी आहे म्हणता आलं असतं. लाल अक्षरातलं 'सत्तावीस' माझ्या मागच्याच भिंतीवर होतं.

शेवटी पाळकबाई म्हणाल्या, "लेकीला दोन पानं वाचू दे की." थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. मीच दिलं. तिने वादळाचं प्रकरण असं वाचलं की दोघी-तिघींनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या तेव्हा ती टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

घरी येताना विचारलं, "आई, आपण खोटं बोललो का?"

"नाही गं. तू शब्द बरोबरच म्हणालीस."

तिने माझा हात सोडला. म्हणाली, घाम येतोय.

१ नोव्हेंबर

फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय : 'मूल बुजू नये म्हणून वाचन घरातल्या परिचित पुस्तकातून घ्यावे.' म्हणजे पुस्तक मीच देणार. म्हणजे काहीच अवघड नाही. थोरली वाचेल, बाई लिहितील, शिक्का बसेल आणि पुढचं वर्षभर मी तिला सावकाश वाचायला शिकवीन. कोणाचं काय बिघडणार आहे? उलट खरं सांगितलं तर ती जाईल त्याच वर्गात, त्याच बाईंपुढे, आणि पुन्हा पोट धरून बसेल.

हे सगळं ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अगं, पोरगी जे करते ते खोटं नाहीच. ते तर आश्चर्य आहे. आपण त्याला वाचन म्हणतो, ते खोटं." आणि खाली गेले. गिऱ्हाईक नव्हतं, तरी गेले.

रागच आला. सोपं आहे बोलायला.

६ नोव्हेंबर

तपासनीस बाई साठीच्या असतील. जिना चढून आल्या त्या धापा टाकतच. पाणी प्यायल्या, हाडांच्या तक्त्याशी थांबल्या, सूक्ष्मदर्शकात डोकावल्या, धाकटीची बेरीज तपासली. सगळं छान चाललं होतं. मग पेन काढून म्हणाल्या, "आता वाचन. घरातलंच कुठलं तरी द्या."

मी फळीशी गेले. दीपगृहाचं पुस्तक हातात घेतलं. वळले तर थोरली खुर्चीत ताठ बसलेली, हात मांडीवर, त्या दिवशी सभागृहात बसली होती तशीच. माझ्यासाठी पुन्हा एकदा करायला तयार. मला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली नाही. मी सांगेन ते करायचं, एवढंच दिसलं, आणि तेच मला सहन झालं नाही.

"तिला वाचता येत नाही," मी म्हणाले. "एक शब्दही. मला दोन आठवड्यांपूर्वी कळलं आणि तरी मी तिला लोकांपुढे उभं केलं."

धाकटी म्हणाली, "मला माहीत होतं." तिला गप्प बसवायचंही भान राहिलं नाही.

तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं आणि थोरलीला विचारलं, "मग तुला काय येतं गं?"

"ऐकता येतं," थोरली म्हणाली.

बाईंनी पिशवीत हात घातला. हाताला लागला तो कार्यालयाचाच कसलासा नियमांचा कागद. त्यातला अर्धा कागद त्यांनी वाचला. 'उपरोक्त', 'तदनुषंगिक', 'सक्षम प्राधिकारी', असलं काय काय. मध्ये एकदा शिंकल्या. कागद खाली ठेवला. थोरलीने डोळे मिटले आणि तो सगळा अर्धा कागद, कलम आणि पोटकलमासकट, परत दिला. शिंकेच्या जागी नम्रपणे थांबली.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "चौतीस वर्षं मुलं तपासतेय मी. असं नाही ऐकलं." मग म्हणाल्या, "आणि इतकं डोक्यात धरून ठेवताना ही किती दमत असेल हो!"

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. नऊ महिन्यांत एकदाही नाही.

शेरा त्यांनी माझ्यासमोर लिहिला. 'वाचन : येत नाही. स्मरण : असाधारण.' परवानगी सहा महिन्यांची, तीही एका अटीवर : आठवड्यातून तीन सकाळी शाळेत, वाचनाच्या खास शिक्षिकेकडे. शाळा तीच. निघताना जिन्यात वळून म्हणाल्या, "अशी मुलं वाचायला शिकतात. उशिरा शिकतात, पण शिकतात. तुम्ही मात्र तिला वाचून दाखवणं सोडू नका."

त्या गेल्यावर थोरली जमिनीवर आडवी झाली आणि दुपारी दोन ते साडेपाच झोपली.

१० नोव्हेंबर

उपासनेनंतर बायकांना थांबवलं आणि सांगितलं. पाळकबाईंचा चेहरा पडला. ज्यांचा मुलगा अकराचा आहे त्या बाई मात्र पुढे आल्या, हात धरला आणि हळूच विचारलं, "त्या वाचनाच्या शिक्षिकेचं नाव काय म्हणालात?" पुस्तकं चांगलीच आहेत, म्हणून यादी काढली नाही. लाल ओळ तेवढी काढली.

१३ नोव्हेंबर

शाळेच्या फाटकात भेटल्या त्याच वर्गाच्या बाई. नऊ महिने पाठ केलेलं एक अक्षर तोंडातून फुटेना. म्हणाले, "तुमचं खरं होतं. अर्धं." त्यांना अर्ध्याचा अर्थ कळला नसावा. थोरली दुसऱ्या दाराने आत गेली. पोट दुखलं नाही. की दुखलं आणि सांगितलं नाही, देव जाणे. परत येताना विचारलं, "काय केलंत?" म्हणाली, "एक अक्षर. वाळूत. बोटाने. तासभर." आणि खूश होती.

दुपारी मी वाचून दाखवलं. आज तिने काही ठेवून घेतलं नाही म्हणे, नुसतं ऐकलं. अर्ध्यातच झोपली.

२९ नोव्हेंबर

शाळेतून परत येत होतो. मी, भाजीची पिशवी, आणि दोन पावलं पुढे थोरली. दुकानापाशी आलो. काचेच्या दारावर पितळी मुठीच्या वर एक पट्टी आहे, ह्यांनी दुकान घेतलं तेव्हापासूनची. थोरलीने मुठीला हात घातला आणि तशीच थांबली. मला वाटलं आत गिऱ्हाईक आहे म्हणून थांबली. मग तिचे ओठ हलताना दिसले. पट्टीवर बोट ठेवलं. "ढ," म्हणाली. रस्त्यावरून माणसं जात होती. मी पिशवी खाली ठेवली. "ढ... क..." आतून हे उठले आणि काचेपलीकडे येऊन उभे राहिले, पण दाराला हात लावला नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तीन अक्षरांना माणूस एवढा वेळ लावू शकतो आणि तेवढा वेळ दोन मोठी माणसं श्वास रोखून काचेच्या दोन बाजूंना उभी राहू शकतात, एवढंच सांगते.

"ढकला," ती म्हणाली. मग वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या आवाजात माझा आवाज कुठेच नव्हता. "आई! इथे 'ढकला' लिहिलंय!"

जणू आज सकाळीच कोणी येऊन लिहून गेलं होतं. हा शब्द आमच्या घरात कधी कोणी मोठ्याने वाचला नव्हता. पट्टीवरून तो सरळ तिच्यापाशी आला होता, मधे मी नव्हते. मी रस्त्यातच रडायला लागले, आणि मी रडते म्हणून ती मला हसली.

मग तिने दार ढकललं.